अक्कोरूंच्या चपला

कल्लूर, ४ नोव्हेंबर

आदरणीय बाई, वारिजा अक्कोरू यांना,
शरणु शरणार्थी.

पाकिटावर मलप्रभा विद्यापीठाचा शिक्का नाही, हे तुम्ही आधी पाहिलंच असेल. शिक्क्याची पाकिटं तुम्ही पोस्टमनच्या हातातच परत करता हे इथल्या कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे पाकीट मी बसस्टँडसमोरच्या दुकानातून घेतलं. आता माझं अक्षर ओळखून तुम्ही हेही परत केलंत, तर माझा इलाज नाही.

कामाचं आधी सांगतो. या वर्षीची ‘मलप्रभाश्री’ शिक्षकांमधून तुम्हाला द्यायची ठरली आहे. विद्यापीठाजवळ याहून मोठं देण्यासारखं काही नाही. राजीनामा देऊन गेलेल्या शिक्षकाला ती आजवर कधी दिली गेली नव्हती. समितीत तुमचं नाव आलं आणि कुणी विरोध केला नाही, असं ऐकतो.

तुम्ही हसाल. त्या समारंभाला तुम्ही नाटक म्हणायचात. मागच्या वर्षी मला तुमची फार आठवण आली. दरवर्षी पेटीतून निघणारा तोच रेशमी फेटा त्या दिवशी आठव्या डोक्यावर चढला. ज्यांचा सन्मान होता त्यांच्या कपाळावर आधीच्या कुणाच्या तरी तेलाचा डाग उमटला. फळांच्या परडीतली सफरचंदं मेणाची होती. मंचावर एकवीस माणसं होती आणि त्यांतली बरीचशी एकमेकांना शाली घालत होती. मी खाली उभा राहून मानपत्र वाचलं आणि घरी येऊन आंघोळ केली.

पण अक्कोरू, त्या सगळ्या घाणीत एक गोष्ट मला अजून स्वच्छ वाटते. सन्मान घेणारा माजी विद्यार्थी खाली बसून आपल्या शिक्षकाचे पाय धुतो, तेच पाणी ओंजळीत घेऊन पितो आणि मग शिक्षक त्याच्या गळ्यात पदक घालतात. बसवंतप्पा मास्तरांनी विद्यापीठ काढलं तेव्हापासूनची ही रीत. मी रोज सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसणारा माणूस आहे. पादोदक माझ्यासाठी नाटक नाही. ज्याच्या पायाचं पाणी प्यावं असा कुणी आहे, एवढ्यावर माणसाला जगता येतं.

विद्यार्थ्यांमधून या वेळी कोण हे अजून जाहीर नाही. पण सगळे रेणुका बणकारचंच नाव घेतात. कोरडवाहू हरभऱ्याचं वाण काढून तिनं आमच्या तालुक्याचं भलं केलं. तुमची रेणुका. तुमचे पाय तिनं धुवावेत, यासाठी तरी या.

मानपत्र अर्थात मीच लिहीन. तुम्ही जाताना मला ‘पगारी भाट’ म्हणाला होतात. मी आजही म्हणतो, मी खोटं कधी लिहिलं नाही. माणसात जे चांगलं असेल तेवढं लिहितो, बाकीचं सोडून देतो. ‘मग बाकीचं लिहायचं कुणी?’ असं तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या मानपत्रात बाकीचं काही उरणारच नाही. निदान एकदा तरी मला पूर्ण लिहू द्या.

आपला नम्र,
शिवपुत्रप्पा गाणिगेर
कन्नड विभाग


कल्लूर, १६ नोव्हेंबर

अक्कोरू,

तुमचं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. माझ्या गिरिजानं ते देवघरासमोर ठेवलं आणि मला म्हणाली, “आता तरी चेहरा सरळ करा.”

गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. अंकोल्याहून घाट चढून इतका प्रवास तुम्हाला झेपणार नाही, हे खरं. ‘रेणुका असेल तर माझी ना नाही, पण मी येणार नाही’ हे तुमचं वाक्य मी कुलगुरूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ना नाही म्हणजे हो. लिहून घ्या.”

यावर मला एक सुचलं आहे, रागावू नका. मास्तरांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचा विद्यार्थी विलायतेहून आला होता. मास्तर खाटेवरून उठू शकत नव्हते, म्हणून मंचावर त्यांच्या चपला ठेवल्या. विद्यार्थ्यानं त्या धुतल्या, ते तीर्थ घेतलं, चपलांवर पदक टेकवून गळ्यात घातलं. त्यानंतर दोनदा तसं झालं आहे. तुम्ही तुमच्या वापरातल्या चपला पाठवल्यात तर चालेल. नव्या नकोत. वापरातल्याच.

शिकत असताना सोमवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचो, तेव्हा त्या दाराशी असायच्या. सोमवार माझा, म्हणून त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मासा शिजत नसे. अंकोल्याच्या माणसानं आठवड्यातला एक दिवस माशावाचून काढायचा, तोही गदगकडच्या एका भुकेल्या पोरासाठी. ते घर आठवलं की मला चपलाच आधी दिसतात. मला त्या मंचावर पाहायच्या आहेत. यात माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही.

आपला नम्र,
शिवपुत्रप्पा


कल्लूर, २५ नोव्हेंबर

अक्कोरू,

काल संध्याकाळी पार्सल आलं. वर्तमानपत्राच्या आत सुपारीच्या विरीचा, वाळक्या पानाच्या रुंद देठाचा तुकडा, त्याच्या आत चपला. उजवी साधी. डावीचा तळ दोन बोटं उंच, टायरच्या रबराचा. लहानपणीच्या तापानं तुमचा डावा पाय आखूड राहिला, असं तुम्ही एकदाच आणि घाईत सांगितलं होतं. पण तुमची चाल साऱ्या विद्यापीठाला पाठ होती. व्हरांड्यात आधी ‘टक्’ यायचं, मग ‘धप्प’, आणि वर्गातली पोरं विड्या विझवायची.

मी त्या धुवायला घेतल्या, तर गिरिजा म्हणाली, “तुम्ही कशाला धुता? धुणारी रेणुका येणार आहे ना हैदराबादहून?”

“धूळ तरी पुसतो.”

“राहू द्या की. अंकोल्याची वाळू आहे ती. तिला धुवायला काहीतरी उरू दे.”

मग तिनं त्या देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवल्या. “नवऱ्याच्या चपला मी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत,” म्हणाली, “या आल्या.”

तालीम चालू झाली आहे. नव्या सभागृहाला रंग देताहेत. खर्च माजी विद्यार्थी संघानं केला. तालमीत एका शिपायाला खुर्चीवर बसवून त्याचे पाय धुतल्याचा अभिनय करतात. छायाचित्रकार ओरडतो, “पाणी जरा वरून सोडा, चकाकलं पाहिजे!” मला ते पाहवेना, मी बाहेर आलो. पण रेणुका प्रत्यक्ष बसेल तेव्हा असं वाटणार नाही, अशी मनाची समजूत घातली.

मानपत्राची पहिली दोन पानं झाली.

शिवपुत्रप्पा


कल्लूर, २ डिसेंबर

अक्कोरू,

रेणुका नाही.

पुढचं कसं लिहावं कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो. काल कुलगुरूंनी मला बोलावलं. टेबलावर चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची आणि मिरच्यांची बशी होती. तळलेली मिरची खात, तेलकट बोटांनी त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. विद्यार्थ्यांमधून: संगनगौडा हिरेगौडर.

मी म्हणालो, “हे नाव चुकून आलं असेल.”

“का? साखर कारखाना आहे. चार नर्सिंग कॉलेजं आहेत. हे सभागृह कुणाच्या पैशांनी उभं राहिलं?”

“सर, गुरू म्हणून वारिजा अक्कोरू आहेत.”

“मग? गौडांनीच त्यांचं नाव सुचवलंय. या वर्षीपासून तसंच आहे. गुरू कोण हे विद्यार्थ्यानं सांगायचं.”

त्यांनी मिरचीचं देठ बशीत टाकलं. “गाणिगेर, तुम्ही एवढे देवभोळे. माणूस स्वतःहून पाय धरायला येतोय, यात पुण्य दिसत नाही तुम्हाला?”

अक्कोरू, तुम्ही त्याचं नाव विसरला नसालच. तरी लिहितो, कारण इथं ते सगळेच विसरल्यासारखं करताहेत. बसवजयंतीला वसतिगृहात पुरणाच्या होळगीची पंगत होती. ज्यांनी जात मोडली त्यांची जयंती. वाढपी कमी पडले, म्हणून दलितवाड्यातल्या दुर्गप्पा मादरनं तुपाची पळी हातात घेतली. संगनगौडा आणि त्याचे तिघं मित्र त्याला पंगतीतून ओढत मागच्या हौदाशी घेऊन गेले. त्याच पितळी पळीनं संगननं त्याच्या उजव्या कानावर मारलं. तो कान गेला. चौकशी समितीत पाच जण होते. चौघांनी ‘विद्यार्थ्यांमधला किरकोळ वाद’ असं लिहून सह्या केल्या. पाचव्या तुम्ही. तुम्ही वेगळा निकाल लिहिलात, एकटीनं सही केलीत, आणि तो निकाल कपाटात गेला त्या आठवड्यात राजीनामा दिलात.

आता तोच माणूस तुमच्या चपला धुऊन ते पाणी पिणार. छायाचित्रकार पाणी चकाकवणार. आणि वर्तमानपत्रात येईल, जिनं त्याला दोषी ठरवलं तिनंच त्याला पदक दिलं.

लिहिताना हात दोनदा धुतले.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी गाळली होती. तालमीच्या दिवशी संगनची गाडी सभागृहासमोर उभी होती. मला पाहून त्यानं काच खाली केली आणि हात जोडले. मी ते पाहिलं आणि तुम्हाला लिहिलं नाही. सभागृह बघायला आला असेल, असं म्हणून बाजूला सारलं.

चपला अजून फळीवर आहेत. सांगा, काय करू?

शिवपुत्र


कल्लूर, ५ डिसेंबर

अक्कोरू,

तुमच्या उत्तराची वाट पाहायला वेळ उरला नाही. हे पत्र चपलांबरोबरच येईल. सकाळच्या अंकोला गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती पार्सल देतो.

काल संगन घरी आला. पांढरा सदरा, कपाळभर विभूती. दारातच वाकून मला नमस्कार करू लागला.

“गौडा, हे काय?” मी मागे सरलो.

“सर, तुम्ही अक्कोरूंचे लाडके. तुमच्या पाया पडलं काय, त्यांच्या पडलं काय.”

गिरिजानं पाणी आणून ठेवलं, गूळ ठेवला नाही. त्याच्या ते लक्षात आलं. हसला. “वहिनी, एवढं कडू पाणी पाजता?”

“पाणी गोडच आहे,” ती म्हणाली. “नळाचं आहे.”

मग तो बोलत राहिला. किती वर्षं झोप नाही, पश्चात्ताप किती, स्वामीजींनी काय सांगितलं. आवाज मऊ, शब्द पाठ केल्यासारखे. मी विचारलं, “दुर्गप्पाला भेटलात?”

“त्यालाही पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलंय की! मंचावर मिठी मारणार आहे मी त्याला. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर नसेल तेव्हा?”

त्यानं घड्याळ पाहिलं. “सर, उमेदवारी जाहीर व्हायच्या आत हे झालं तर बरं. तुम्ही समजूतदार आहात.” आणि देवघराकडे पाहून म्हणाला, “त्याच का?” त्यानं हात पुढे केला. गिरिजा मध्ये उभी राहिली. “देवघरात पुरुषांनी आंघोळ करून यायचं असतं,” म्हणाली. तो आंघोळ करूनच आला होता, हे कपाळावरून दिसत होतं. तरी मागे फिरला.

संध्याकाळी मी नरगुंदला दुर्गप्पाकडे गेलो. तो तिथल्या शाळेत गणित शिकवतो, हे तुम्हाला बहुधा माहीत नसेल. त्याच्या डाव्या बाजूला बसलो, चांगल्या कानाशी. आमंत्रणपत्रिका त्याच्या टेबलावर होती, तिच्यावर चहाचा पेला ठेवलेला.

“जाणार आहेस?” मी विचारलं.

“मिठी मारून घ्यायला? डाव्या कानाचा काय भरवसा, तम्मा.” तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “शिवपुत्रा, मला त्याचं काही नको. माफी नको, मिठी नको. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे. या जगात माझ्या बाजूनं एकदा एक निकाल झाला. एका बाईनं लिहिलं, की याला मारलं आणि यानं मारलं. चार सह्यांच्या विरुद्ध एक सही. मी त्या एका सहीवर लग्न केलं, पोरं वाढवली. आता तिच्याच चपलेनं ती सही पुसली जाणार. तू चपला मागवल्यास म्हणे?”

“रेणुकासाठी मागवल्या होत्या.”

“कुणासाठी ते विचारलं नव्हतंस का आधी?”

नव्हतं विचारलं. भक्तीच्या भरात माणूस चपला मागतो आणि त्या कुणाच्या हाती जाणार ते विचारत नाही. इथं सगळ्यांचंच असं आहे. कुणी तरी पाय पुढे केले की आम्ही वाकतो, आणि कुणी वाकलं की आम्ही गहिवरतो. वाकणारा कोण, हे बघायला मान वर करावी लागते.

चपला परत पाठवतो आहे. वाळू तशीच आहे, पुसलेली नाही.

शिवपुत्र


कल्लूर, १३ डिसेंबर

अक्कोरू,

तुमचं कार्ड समारंभाच्या सकाळी मिळालं. ‘चपला मिळाल्या. तू काय करणार?’ एवढंच. ते मी खिशात घालून सभागृहात गेलो.

चपला परत पाठवल्याचं मी कुलगुरूंना चार-पाच दिवस आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, आता गुरूवाचून पदक देता येणार नाही, नाव बदलावं लागेल. कुलगुरू रागावले नाहीत. म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही मानपत्र तेवढं नीट वाचा. प्राध्यापकपदाची मुलाखत जानेवारीत आहे ना?” ते रागावले का नाहीत, याचा विचार करत मी घरी आलो होतो. उत्तर मंचावर मिळालं.

बाजारातून नव्या चपला आणल्या होत्या.

तांब्याच्या ताम्हनात, लाल मखमलीवर, शेवंतीच्या पाकळ्यांत. बायकांच्या, तपकिरी, पट्ट्याला चकाकी. धूळ लागावी म्हणून कुणी तरी त्या बागेतल्या मातीत घासल्या होत्या. आणि दोन्हींचे तळ सारखे, एका उंचीचे, अगदी सपाट. दुकानातून जोडी आणताना तुमचा पाय कुणालाही आठवला नाही. जिच्या पायाचं तीर्थ प्यायचं तिचा पाय कसा आहे, याचं त्या मंचावरच्या एकाही माणसाला भान नव्हतं. गौडालाही नाही. त्यानं कधी तुमच्या पायांकडे पाहिलं असेल तर ना!

मी खाली ध्वनिक्षेपकाशी होतो. तिसऱ्या रांगेत रेणुका बसली होती. तुमच्यासाठी आली होती, तिला पुढचं काही ठाऊक नव्हतं. तिनं मान उंच करून ताम्हनात पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या शेजारच्या जुन्या विद्यार्थ्यांत कुजबुज झाली. “डावी उंच असते की.” “गप, बस.” “अरे, पण डावी उंच असते.” एवढंच. नंतर त्यांनीही मंचाकडे तोंडं वळवली आणि मांडीवर हात ठेवले.

सनई लागली. संगन गुडघ्यांवर बसला. चांदीच्या झारीतून पाणी वरून सोडलं, चकाकलं. तो रडत होता. खरे अश्रू होते अक्कोरू, मला ते जास्त किळसवाणं वाटलं. नव्या चामड्याचा रंग पाण्यात उतरला आणि ताम्हनात चहासारखं पाणी साचलं. कुलगुरूंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण याच वेळी मानपत्र वाचायचं असतं.

माझ्या हातात तीन पानं होती. त्यांत खोटं काही नव्हतं. त्याच्या साखर कारखान्यात चारशे माणसं कामाला आहेत, हे खरं. नर्सिंग शिकलेल्या मुली आखातात जाऊन घरं चालवतात, हेही खरं. कुलगुरूंच्या सांगण्यावरून मी ते सगळं लिहिलं होतं. कारण वाचेपर्यंत काय करणार ते माझं मलाच ठरत नव्हतं. मी नेहमीसारखं चांगलं तेवढं लिहिलं होतं आणि बाकीचं सोडलं होतं. बाकीचं ताम्हनात होतं.

मी पानं उघडली नाहीत. म्हणालो, “या चपला वारिजा अक्कोरूंच्या नाहीत. त्यांची डावी चप्पल उंच असते. त्यांनी चपला या माणसासाठी पाठवल्याच नव्हत्या.”

ध्वनिक्षेपक बंद झाला. पण मी गावात ओढ्याच्या पलीकडून म्हशी हाकणारा पोरगा आहे, मला ध्वनिक्षेपक लागत नाही. पुढचं मी तसंच म्हणालो, “दुर्गप्पा मादरचा कान याच संगनगौडानं फोडला. अक्कोरूंनी तसं लिहून सही केली आहे, आणि ती सही त्यांनी मागे घेतलेली नाही.”

सनईवालाही थांबला. संगनच्या ओंजळीत ते पाणी होतं. तपकिरी, वर चामड्याचा तवंग. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नंतर छायाचित्रकाराकडे पाहिलं. मला खरंच वाटलं होतं, हा ओंजळ सोडून देईल. इतका वेळ नाटक केलेला माणूससुद्धा आपलं नाटक उघडं पडलं की हात खाली टाकतो, असं वाटलं होतं.

तो प्यायला.

डोळे मिटून, एका घोटात. ओला हात डोक्यावरून फिरवला. आणि टाळ्या वाजल्या अक्कोरू. आधी मंचावरच्या, मग पहिल्या रांगेतल्या, मग सगळ्या. ‘डावी उंच असते’ म्हणणाऱ्यांतल्याही काहींनी वाजवल्या. पदक त्या बाजारच्या चपलांना टेकवून त्याच्या गळ्यात घातलं. तुमच्या नावचा रेशमी फेटा पेटीत परत गेला, पुढच्या वर्षीच्या डोक्यासाठी. मला दोघा शिपायांनी दंडाला धरून बाहेर नेलं. हळू नेलं. त्यांतला एक म्हणाला, “सर, पायरी आहे.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच्या गळ्यातलं पदक होतं. माझं बोलणं नव्हतं. पण तुमचंही नाव नव्हतं. ‘गुरूंच्या पादुका’ एवढंच छापलं. माझ्या मोठ्या आवाजाचा एवढा तरी उपयोग झाला. तुमचं नाव लिहायला कुणी धजलं नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. जानेवारीची मुलाखत होणार नाही. मानपत्रं आता संस्कृत विभागाकडे गेली. गिरिजानं ते ऐकून शेंगाची चटणी वाटायला घेतली आणि म्हणाली, “बरं झालं. घरातला त्या मानपत्रांचा वास तरी जाईल.”

काल सकाळी मी पूजेला बसलो. लिंग हातावर घेतलं, पाणी वाहिलं, आणि ते तीर्थ ओठाशी नेताना मला ओंजळीतला तो तवंग दिसला. घशाखाली उतरेना. त्या माणसानं माझ्याकडून हेही घेतलं की काय, असं वाटत होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. दुर्गप्पा आला होता, शाळेला सुट्टी टाकून. चप्पल काढून थेट माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि डावा कान पुढे केला.

“रेणुकाचा फोन आला होता,” म्हणाला. “फोनवर मला नीट ऐकू येत नाही. तू काय बोललास ते तुझ्या तोंडून सांग.”

“सांगण्यासारखं काही राहिलं नाही, दुर्गप्पा. तो प्यायला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“ते छापून आलंय. मी तुझं विचारतोय.”

मी सांगितलं. हातावर लिंग तसंच होतं. चपलांचं सांगितलं, मग त्याच्या कानाचं आणि सहीचं वाक्य सांगितलं.

त्यानं कान आणखी जवळ आणला. मग म्हणाला, “दुसरं वाक्य परत सांग. जोरात. तिथं म्हणालास तसं.”

मी तिथं म्हणालो तसं म्हणालो. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. दुर्गप्पाचे डोळे मिटलेले होते.

“अजून एकदा,” तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग ते तीर्थ प्यायलो. उतरलं.

शिवपुत्र